काही महिन्यांच्या परदेशी मुक्कामासाठी गाडी भाड्याने घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परदेशात दोन-तीन महिने, कधी पाच-सहा महिने राहायला जाणाऱ्यांसाठी हे पान आहे. कुणी मुलांकडे जातं, कुणी संशोधनासाठी, कुणी आजारी माणसाच्या सोबतीला. चार दिवसांच्या सहलीसाठी घेतलेली गाडी आणि तीन महिन्यांसाठी घेतलेली गाडी यांत फरक नुसता भाड्याचा नसतो. करार, विमा, लायसन्स, कार्डावरचं संरक्षण या प्रत्येकाची मुदत वेगळी असते, आणि लांब मुक्कामात त्या एकेक करून संपत जातात. म्हणून भाव विचारण्याआधी मी प्रत्येक कागदाबद्दल एकच गोष्ट विचारते: हा किती दिवस चालतो?

तीन महिने गाडी भाड्याने घेणं परवडतं का? दुसरा मार्ग आहे का?

आधी आठवड्याचा हिशेब मांडा. गाडी रोज लागणार आहे की फक्त शनिवार-रविवारी? राहत्या जागेपासून बस किंवा रेल्वे चालत जाण्याच्या अंतरावर असेल आणि गाडी महिन्यातून सहा-सात दिवसच लागणार असेल, तर तेवढ्यापुरती घेणं स्वस्त पडतं. उभ्या गाडीचंही भाडं चालूच असतं, शिवाय पार्किंगचा खर्च असतो तो वेगळाच.

नातेवाइकांची गाडी वापरायची असेल तर त्यांच्या विमा कंपनीला विचारून तुमचं नाव चालक म्हणून घालून घ्या. ‘घरचीच गाडी आहे, चालव की’ असं प्रेमाने सांगितलं जातं, पण अपघात झाल्यावर विमा कंपनी पॉलिसीवर कुणाचं नाव आहे तेच बघते.

मुक्काम सहा महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर जुनी गाडी घेऊन जाताना विकणं हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. मात्र नोंदणीसाठी बहुधा स्थानिक पत्ता लागतो, परदेशी लायसन्सवर विमा महाग मिळतो आणि शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक शोधायची धावपळ होते. ते सगळं सांभाळायला कुणी स्थानिक माणूस सोबत नसेल तर मी या वाटेला जाणार नाही.

युरोपात फिरणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. फ्रान्समधल्या कार उत्पादकांनी बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी अल्पमुदतीच्या लीजची पद्धत सुरू केली. कागदोपत्री तुम्ही कोरी गाडी विकत घेता आणि ठरलेल्या दिवशी कंपनी ती परत घेते. मुदत साधारण काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत असते, आणि सोबत संपूर्ण विमा येतो. या गाड्यांच्या नंबरप्लेट लाल असतात. युरोपीय संघात कायम राहणाऱ्यांना ही सोय मिळत नाही. कमी दिवसांसाठी नेहमीची भाड्याची गाडीच बरी. दोन-तीन महिने आणि चार-पाच देश असा बेत असेल तर या लीजचा भाव नक्की काढावा.

लांब मुदतीचं भाडं कसं ठरतं?

दिवस म्हणजे चोवीस तास, घड्याळाच्या काट्यावर. सकाळी दहाला घेतलेली गाडी दुपारी एकला परत दिली तर बहुतेक ठिकाणी एक दिवस वाढतो. रोजचा, आठवड्याचा आणि महिन्याचा दर वेगवेगळा असतो, आणि तो दिवसांच्या सरळ प्रमाणात उतरत नाही. कधी २८ दिवसांपेक्षा ३० दिवसांची गाडी स्वस्त निघते. तारखा दोन-तीन दिवस पुढे-मागे करून भाव काढून बघा.

विमानतळावरून गाडी घेतली की बिलात विमानतळाचा अधिभार लागतो. अनेक ठिकाणी तो एकूण भाड्याच्या टक्क्यांत असतो. चार दिवसांच्या भाड्यावर तो जाणवत नाही, तीन महिन्यांच्या भाड्यावर चांगलाच जाणवतो. पहिल्या दिवशी टॅक्सीने घरी जा, झोप पूर्ण करा आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या शाखेतून गाडी घ्या. रात्रभरच्या प्रवासानंतर अनोळखी रस्त्यावर स्टिअरिंग धरायची वेळही येत नाही.

किलोमीटरची मर्यादा वाचा. छोट्या भाड्यात ‘अमर्याद किलोमीटर’ असलं तरी महिन्याच्या दरात बऱ्याचदा मर्यादा घातलेली असते, आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडतात. गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायची असेल तर त्याचा आकार आधीच लिहून घ्या.

तीन महिन्यांचा एकच करार होतो की दर महिन्याला नवा?

बऱ्याच कंपन्या साधारण महिन्याभराचाच करार करतात आणि पुढे तो नव्याने काढतात. बुकिंग तीन महिन्यांचं असलं तरी दर महिन्याला शाखेत जावं लागू शकतं: कार्ड पुन्हा लावायचं, किलोमीटरचा आकडा नोंदवायचा, कधी गाडीच बदलून घ्यायची. काउंटरवर तीन प्रश्न विचारा. नूतनीकरणाला प्रत्यक्ष यावं लागेल का? पुढच्या महिन्यांचा दर आजच्या करारात लिहून मिळेल का? प्रत्येक नव्या करारात विम्याच्या अटी त्याच राहतील का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्याच. पहिला महिना स्वस्तात आणि दुसरा सुट्टीच्या हंगामाच्या दराने, असं माझ्या बाबतीत झालेलं आहे. मी शब्दावर विसंबले होते.

मुक्काम वाढला तर? किंवा लवकर निघावं लागलं तर?

वाढवायचा असेल तर करार संपायच्या आधी कळवा आणि लेखी होकार मिळवा. मुदत उलटून गेलेली गाडी कंपनीच्या दृष्टीने न परतलेली गाडी असते. तिच्यावरचं संरक्षण लागू राहीलच असं नाही, आणि फारच उशीर झाला तर पोलिसांत तक्रारही होऊ शकते.

लवकर परत दिली म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतात, असं गृहीत धरू नका. महिन्याचा स्वस्त दर हा महिनाभर ठेवण्याच्या अटीवर असतो. तो मोडला की वापरलेल्या दिवसांचा हिशेब रोजच्या दराने होऊ शकतो आणि कधीकधी बिल उलट वाढतं. आजारी माणसासाठी जात असाल, परतीची तारीख पक्की नसेल, तर आधी छोटी मुदत घ्या आणि नंतर वाढवा.

माझं लायसन्स तिथे चालेल का? आंतरराष्ट्रीय परवाना किती दिवस टिकतो?

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे तुमच्या मूळ लायसन्सचं मान्यताप्राप्त भाषांतर. एकटा तो काही कामाचा नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच. तो ज्या देशाचं लायसन्स आहे त्याच देशातून निघतो, म्हणून निघण्यापूर्वी काढा.

तो कुठल्या कराराखालचा आहे हेही बघा. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला परवाना एक वर्ष चालतो. १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार दिलेला जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तेव्हाच संपतो. सगळे देश दोन्ही मानत नाहीत. जपानमध्ये १९४९ च्या करारानुसार काढलेलाच परवाना चालतो. चीन कुठलाच आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही.

परवान्यावर छापलेली तारीख आणि त्या देशाने पाहुण्याला दिलेली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमध्ये देशात उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष. जर्मनीत तिथे राहायला सुरुवात केली की युरोपबाहेरचं लायसन्स सहा महिने चालतं. नुसता पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, हे प्रत्येक देश आपल्या पद्धतीने ठरवतो. दीर्घ व्हिसावर जाणाऱ्यांनी हे आधी तपासावं, कारण लायसन्स अवैध ठरलं तर विमाही हातचा जातो.

आणि मूळ लायसन्सची तारीख! मुक्कामाच्या मधल्या महिन्यात ते संपत असेल तर निघण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्या. परदेशात बसून ते करणं फार अवघड जातं.

विम्याचं काहीच कळत नाही. काउंटरवर घाईघाईत सह्या घेतात. नेमकं काय घ्यावं?

गोंधळ होतो कारण दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात. त्या सुट्या करून बघा.

पहिली, दुसऱ्याच्या माणसाला किंवा मालमत्तेला तुमच्याकडून झालेलं नुकसान. याला थर्ड पार्टी संरक्षण म्हणतात. बहुतेक देशांत ते कायद्याने सक्तीचं असतं आणि भाड्यात धरलेलं असतं, पण किती रकमेपर्यंत ते बघायला हवं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत भाड्याच्या गाडीसोबत ते असलं तरी कायद्याने ठरवलेल्या किमान मर्यादेइतकंच असतं. तिथे गंभीर अपघात झाला तर ही रक्कम अपुरी पडू शकते. या बाबतीत मी काटकसर करत नाही. बंपर फुटला तर महिन्याची बचत जाते; माणसाला इजा झाली आणि संरक्षण तोकडं पडलं तर आयुष्याची पुंजी जाऊ शकते.

दुसरी गोष्ट, भाड्याच्या गाडीचंच नुकसान किंवा चोरी. इथे जे मिळतं त्याला सीडीडब्ल्यू म्हणतात. खरं पाहता तो विमा नव्हे. नुकसान तुमच्याकडून वसूल करण्याचा हक्क सोडून देण्याचं ते कंपनीचं वचन असतं, आणि वचनाला अटी असतात. ठरावीक रकमेपर्यंतचा भार तुमच्यावरच राहतो, त्याला एक्सेस म्हणतात. टायर, काचा, छत, गाडीचा खालचा भाग, आतलं कापड, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन या गोष्टी बऱ्याचदा वगळलेल्या असतात. दारू पिऊन चालवणं, करारात नाव नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देणं, मनाई असलेल्या कच्च्या रस्त्यावर नेणं, यांतलं काही झालं की वचन मोडलं.

एक्सेस शून्यावर आणणारं जादा संरक्षण काउंटरवर रोजच्या दराने विकतात. नव्वद दिवसांनी गुणलं की तो आकडा भाड्याच्या जवळपास पोहोचू शकतो. बाहेरच्या विमा कंपनीकडून फक्त एक्सेसची पॉलिसी बरीच स्वस्त मिळते. तिच्यात नुकसान झाल्यावर आधी तुम्ही पैसे भरता आणि मग पावत्या लावून परत मागता, म्हणजे तेवढी रक्कम कार्डावर मोकळी ठेवावी लागते. ही पॉलिसी घेताना सलग किती दिवसांचं भाडं चालतं ते वाचा. वार्षिक पॉलिसी वर्षभराची असते, पण एका वेळच्या भाड्याला बऱ्याचदा ३१ किंवा ६० दिवसांची मर्यादा असते.

क्रेडिट कार्डावर मोफत विमा आहे. तो पुरेसा नाही का?

छोट्या सहलीला कदाचित. लांब मुदतीला बहुधा नाही. अनेक कार्डांवरचं हे संरक्षण सलग १५ किंवा ३१ दिवसांच्या भाड्यापुरतंच असतं. शिवाय करार त्याहून मोठा असेल तर पहिल्या ३१ दिवसांनाही ते लागू होत नाही, अशी अट असू शकते. तीस-तीस दिवसांचे करार एकापाठोपाठ केले तरी गाडी तीच आणि खंड नाही, म्हणून ते एकच भाडं धरलं जाऊ शकतं. बँकेला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेलं ‘हो, चालेल’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

डेबिट कार्ड चालेल का? डिपॉझिटचं काय होतं?

अनेक ठिकाणी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्डच लागतं. क्रेडिट कार्डावर डिपॉझिटची रक्कम फक्त अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर ती खात्यातून प्रत्यक्ष अडकते आणि मोकळी व्हायला वेळ लागतो. लांब मुदतीत दर नव्या कराराला नवं डिपॉझिट अडकवलं जातं, आणि जुनं सुटायच्या आधी नवं लागलं तर काही दिवस दोन्ही रकमा अडकतात. कार्डाची मर्यादा त्या हिशेबाने ठेवा. कार्डाची मुदत मुक्कामात संपत नाही ना, तेही बघा.

पैसे देताना मशीन ‘तुमच्या देशाच्या चलनात की इथल्या?’ असं विचारतं. तिथल्याच चलनात द्या. दुसऱ्या पर्यायात विनिमयाचा दर मशीनवाला ठरवतो, आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो.

आम्ही दोघंही चालवणार आहोत. दोन्ही नावं घालावी लागतील?

हो, न चुकता. जादा चालकाचे रोजचे पैसे असतात, काही ठिकाणी नवरा-बायकोला ते माफ असतात, काही ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर थांबतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. पंचवीस वर्षांखालच्या चालकाला बहुतेक ठिकाणी जादा आकार पडतो आणि काही देशांत सत्तरीच्या पुढे मर्यादा येते. आई-वडिलांच्या नावाने बुकिंग करणाऱ्यांनी हे आधी बघावं.

सर्व्हिसिंग कुणी करायचं?

खर्च कंपनीचा, लक्ष तुमचं. तीन महिन्यांत पाच-सहा हजार किलोमीटर सहज होतात आणि सर्व्हिसची तारीख तुमच्याकडे असतानाच येऊ शकते. गाडी घेतानाच पुढची सर्व्हिस किती किलोमीटरवर आहे ते विचारा. पडद्यावर सूचना आली की शाखेला कळवा. ती गाडी बदलून देतील किंवा ठरलेल्या गॅरेजात पाठवतील. परवानगीशिवाय स्वतः काम करून घेतलं तर पैसे परत मिळतीलच असं नाही. सूचना दिसत असूनही चालवत राहिलात आणि इंजिन बिघडलं तर जबाबदारी तुमच्यावर येते.

महिन्यातून एकदा टायरची हवा बघा, काचेच्या फवाऱ्याचं पाणी भरा. नव्या डिझेल गाड्यांत एक गोष्ट नवख्याला ठाऊक नसते: अ‍ॅडब्लू. धूर स्वच्छ करणारं हे द्रव वेगळ्या टाकीत असतं आणि तिचं झाकण बहुधा निळं असतं. चार दिवसांच्या भाड्यात त्याच्याशी कधीच गाठ पडत नाही. तीन महिन्यांत पडते: ‘इतक्या किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही’ असा संदेश येतो, आणि तो खरा असतो. टाकी रिकामी झाल्यावर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होत नाही. पेट्रोलपंपावर अ‍ॅडब्लू मिळतं. ते चुकूनही डिझेलच्या टाकीत ओतू नका. तसं झालं तर इंजिन सुरू न करता थेट कंपनीला फोन करा.

काचेला खडा लागला तर काय करावं?

त्याच दिवशी कळवावं. हे मी अनुभवाने सांगते. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि काचेवर टिकलीएवढा ठिपका उमटला. नजरेच्या आड, वायपरच्या खाली. परत देताना दाखवू म्हणून सोडून दिलं. दहा-बारा दिवसांनी पहाटे कडाक्याची थंडी होती, गाडीत बसून गरम हवा थेट काचेवर सोडली, आणि डोळ्यांदेखत त्या ठिपक्यातून एक रेघ निघाली. आधी वीतभर, मग घरापर्यंत पोहोचेतो काचेच्या दुसऱ्या टोकाला. ठिपका असताना राळ भरून अर्ध्या तासात काम झालं असतं. पूर्ण काच बदलावी लागली, आणि काच माझ्या संरक्षणात नव्हती.

गाडी शेजारच्या देशात नेता येईल का?

करारात त्या देशाचं नाव असेल तरच. काही कंपन्या लेखी परवानगीपत्र देतात, त्याचा वेगळा आकार घेतात. सीमेपलीकडे संरक्षण संपत असेल तर रस्ता कितीही मोकळा असो, जाऊ नका. बोटीतून गाडी बेटावर नेतानाही हेच विचारा.

हिवाळ्यात टायरचे नियम बदलतात. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. ऑक्टोबरमध्ये घेतलेली गाडी डिसेंबरात तुमच्याकडेच असेल तर टायर कोण बदलून देणार, हे आधी ठरवा.

टोल आणि दंड यांचं काय?

अनेक ठिकाणी टोलनाकाच नसतो; कॅमेरा नंबर टिपतो आणि बिल गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जातं. कंपनी ते तुमच्या कार्डावर लावते आणि प्रत्येक वेळी स्वतःची फी घेते. रोज तोच रस्ता असेल तर टोलपेक्षा ही फीच जास्त होते. कंपनीचं टोलयंत्र, महिन्याचा पास किंवा संकेतस्थळावर नंबर नोंदवून स्वतः पैसे भरणं, यांतलं काय चालतं ते पहिल्याच दिवशी विचारा.

जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. इटलीत अशा भागांना झेडटीएल म्हणतात, आणि तिथले कॅमेरे दर फेरीला वेगळा दंड लावतात. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला तिथल्या यंत्रणेला ३६० दिवसांची मुदत आहे. घर त्या हद्दीत असेल तर रोजची ये-जा म्हणजे रोजचा दंड, आणि कळणार काही महिन्यांनी. घर ठरवतानाच हे विचारा.

लहान मुलांची सीट भाड्याने घ्यावी का?

आठवड्यापेक्षा जास्त असेल तर तिथेच विकत घ्या. रोजच्या भाड्यात नवी सीट येते. सोबत नेणार असाल तर तिथलं प्रमाणचिन्ह बघा. युरोपात मंजूर सीटवर वर्तुळातल्या ‘ई’चं लेबल असतं, आणि अमेरिकेत घेतलेल्या सीटवर ते नसतं.

उलट्या बाजूने चालवायची भीती वाटते.

ऑटोमॅटिक गाडी घ्या. डाव्या-उजव्याचा गोंधळ आणि गिअर दोन्ही एकदम सांभाळायला लागू नयेत. चूक बहुधा भर रहदारीत होत नाही, कारण तिथे पुढची गाडी वाट दाखवते. ती होते रिकाम्या रस्त्यावर, पंपातून बाहेर पडताना, सकाळी पहिल्या वळणावर. चालक नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला असतो, एवढं मनाशी म्हणत राहा. आठवड्याभरात हात बसतो.

गाडी घेताना आणि परत देताना काय तपासावं?

घेताना चारी बाजूंनी सावकाश व्हिडिओ काढा: चाकांच्या कडा, पुढची काच, छत, बंपरची खालची बाजू, स्टेपनी, किलोमीटर आणि इंधनाचा काटा. पाऊस पडत असेल तर छताखाली नेऊन काढा, ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत. जो ओरखडा कागदावर नाही तो लिहून घेतल्याशिवाय निघू नका. मधेच गाडी बदलून मिळाली तर हे सगळं पुन्हा करा, आणि जुनी गाडी ठीक परत मिळाल्याची पोच घ्या.

परत देण्याआधी गाडी धुऊन घ्या, फोनची जोडणी आणि नकाशातले पत्ते पुसा. शाखा उघडी असतानाच जा. बंद वेळेत किल्ली पेटीत टाकली तर कंपनी गाडी तपासेपर्यंत ती तुमच्याच जबाबदारीवर उभी असते.

परत आल्यावर कार्डावरून पैसे कापले गेले. आता?

आधी तपशील मागा: नुकसानीचे फोटो, दुरुस्तीचं बिल, दंडाच्या नोटिशीची प्रत. गाडी गॅरेजात उभी असलेल्या दिवसांचं भाडं लावलं असेल तर ते करारात होतं का ते बघा. तुमचा व्हिडिओ आणि पोच सोबत लावून लेखी हरकत घ्या, आणि उत्तर पटलं नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवा. त्यालाही मुदत असते, म्हणून विवरणपत्र आलं की त्याच आठवड्यात बघा. गाडी परत दिल्यापासून वर्षभर तरी करार, पोच आणि व्हिडिओ पुसू नका.